मुंबई–लंडन : जाताना साडेचार तास, येताना साडेचौदा?

प्रश्न : जानेवारीत आईला घेऊन मी लंडनला मुलीकडे जाणार आहे. तिकिटावर मुंबईहून सुटण्याची वेळ दुपारी १ आणि लंडनला पोहोचण्याची सायंकाळी ५.३० आहे. परतीचे विमान मात्र रात्री ९ वाजता सुटून दुसऱ्या दिवशी सकाळी ११.३० वाजता मुंबईत उतरते. अंतर तेच असताना एवढा फरक कसा? आईला सकाळी सहापासून दर सहा तासांनी गोळी द्यावी लागते, म्हणून विचारतो.
– एक वाचक, सातारा

उत्तर : तिकिटावर छापलेली प्रत्येक वेळ त्या त्या विमानतळाची स्थानिक वेळ असते आणि हिवाळ्यात लंडनचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असते. आपले विमान लंडनला टेकेल तेव्हा भारतात रात्रीचे ११ वाजलेले असतील, म्हणजे जाण्याचा प्रवास १० तासांचा आहे. परतीच्या वेळी लंडनमधील रात्रीचे ९ म्हणजे आपल्याकडील पहाटेचे २.३०, त्यामुळे तो प्रवास ९ तासांचा होतो. (मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत हा फरक साडेचार तासांचा असतो.)

उरलेला एक तास मुख्यतः वाऱ्याचा आहे. विमाने ज्या दहा-अकरा किलोमीटर उंचीवरून जातात, तेथे मध्य अक्षांशांवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वारे वाहतात आणि हिवाळ्यात त्यांचा जोर वाढतो. लंडनला जाताना ते समोरून येतात, परतताना पाठीशी असतात.

अंतराविषयीही थोडे सांगायला हवे, कारण सपाट नकाशावर पट्टी ठेवून ते मोजणे फसवे ठरते. पट्टीची रेघ सीरियाजवळून जाते. पण पृथ्वीच्या गोलावर मुंबई आणि लंडन यांच्यामध्ये दोरा ताणून धरला, तर तो बराच उत्तरेकडून, इराण, जॉर्जिया आणि युक्रेनवरून जातो. हाच खरा जवळचा मार्ग असून त्याची लांबी सुमारे ७,२०० किलोमीटर भरते. ताशी ९०० किलोमीटर वेगाने हे अंतर आठ तासांत संपायला हवे. परंतु फेब्रुवारी २०२२पासून युक्रेनचे आकाश प्रवासी विमानांना बंद आहे, एप्रिल २०२५मध्ये पाकिस्तानने भारतीय कंपन्यांच्या विमानांना आपली हवाई हद्द बंद केली, आणि अशा प्रत्येक बंदीमुळे वळसा पडतो. शिवाय तिकिटावरील वेळेत धावपट्टीपर्यंत जाण्याचा आणि उतरल्यावर जागेवर येऊन थांबण्याचा अवधीही धरलेला असतो.

आईंच्या गोळ्यांसाठी एक मनगटी घड्याळ भारतीय वेळेवरच राहू द्यावे. सायंकाळी सहाची गोळी विमानातच द्यावी लागेल. रात्री बाराची गोळी येईल तेव्हा लंडनमध्ये सायंकाळचे ६.३० वाजलेले असतील आणि आपण बहुधा पासपोर्ट तपासणीच्या रांगेत किंवा सामानाची वाट पाहत उभे असाल. त्यामुळे गोळ्या आणि डॉक्टरांची चिठ्ठी हातातल्या पिशवीतच ठेवावी, आणि लंडनच्या दिनक्रमाप्रमाणे वेळा कशा बदलायच्या, हे निघण्यापूर्वी डॉक्टरांकडून लिहून घ्यावे.