रिसेप्टर म्हणजे 'ग्राहक' की 'ग्राही'?

प्रश्न असा आलाय की स्तनाच्या कॅन्सरवरच्या एका मराठी माहितीपत्रकात 'संप्रेरक ग्राहक सकारात्मक' असं छापलंय, मूळ शब्द 'हॉर्मोन रिसेप्टर पॉझिटिव्ह' (हॉर्मोन म्हणजे संप्रेरक, रिसेप्टर म्हणजे ते घेणारं पेशीतलं प्रथिन), तर यातलं 'ग्राहक' बरोबर का, आणि नसेल तर काय लिहावं.

व्याकरणाने 'ग्राहक' चूक नाहीये हो. ग्रह् म्हणजे घेणे, घेणारा तो ग्राहक. पण मराठी माणसाला ग्राहक म्हटलं की दुकान आणि पिशवीच दिसणार, त्यातून पुढे 'सकारात्मक', म्हणजे आनंदी स्वभावाचं गिऱ्हाईक! मी 'ग्राही' म्हणेन आणि विज्ञानाच्या मराठी लिखाणात तोच बऱ्यापैकी चालतोही. गंमत म्हणजे पाणिनीने हे दोन्ही शब्द लागोपाठच्या दोन सूत्रांत घडवून ठेवलेत, 'ग्राहक' आधीच्या सूत्रातून आणि 'ग्राही' पुढच्या, आणि त्या पुढच्या सूत्रात तर ग्रह् धातूचं नावच घातलंय. 'संग्राहक'ही काही जण सुचवतात पण तो नाणी नि तिकिटं जमवणारा. तसा 'ग्राही'ही अगदी कोरा नाही, आयुर्वेदात बेलफळ ग्राही म्हणजे मल बांधून ठेवणारं, पण पॅथॉलॉजीच्या रिपोर्टात तो घोळ कोणी करेल असं वाटत नाही.

मला 'ग्राही' आवडतो तो मुख्यतः समासासाठी. गुणग्राही, मर्मग्राही, हृदयग्राही, काय घेतो ते आधी सांगून मोकळा होणारा शब्द आहे हा. आणि रिसेप्टरचं अख्खं वैशिष्ट्य तेच की तो समोर येईल ते घेत नाही. इस्ट्रोजेनग्राही, प्रोजेस्टेरॉनग्राही, म्हणून बघा, अडखळायला होत नाही.

आता हे नक्की काय घेतात आणि घेऊन काय करतात ते बघू, नाहीतर शब्द नुसता कानाला बरा एवढंच होईल. इन्सुलिनसारखी संप्रेरकं पेशीच्या ओसरीवरच थांबतात, त्यांचे ग्राही पेशीच्या बाहेरच्या पडद्यात बसवलेले असतात, निरोप तिथेच दिला जातो आणि आतली माणसं तो पुढे नेतात. स्टेरॉइड संप्रेरकं म्हणजे कॉर्टिसॉल, अल्डोस्टेरॉन, इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन, टेस्टोस्टेरॉन ही सगळी कोलेस्टेरॉलपासून बनलेली, स्निग्धात विरघळणारी, त्यामुळे ती पडदा ओलांडून थेट माजघरात शिरतात आणि त्यांचे ग्राहीही आतच बसलेले असतात. कॉर्टिसॉलचा केंद्रकाबाहेर, एचएसपी ९० नावाचं प्रथिन त्याला धरून बसलेलं, इस्ट्रोजेनचा बहुतेक वेळ केंद्रकातच. १९५०च्या दशकाच्या शेवटी शिकागोत एल्वुड जेन्सन या संशोधकाने किरणोत्सारी हायड्रोजन जोडलेलं इस्ट्रोजेन उंदरांना टोचलं तेव्हा गर्भाशयात ते धरून ठेवलं गेलं आणि बाकी बऱ्याच ठिकाणांहून निघून गेलं, म्हणजे घेणारं काहीतरी तिथे आहे हे त्यातून कळलं.

रचना म्हणाल तर एकच लांब प्रथिन पण त्याचे भाग वेगवेगळे. मधल्या भागात जस्ताचे अणू धरून ठेवलेल्या दोन घड्या, त्यांना झिंक फिंगर म्हणतात, त्या डीएनएवरची ठराविक अक्षरं चाचपतात. शेवटाकडे संप्रेरक घेणारा खिसा. संप्रेरक खिशात बसलं की त्या भागातला शेवटचा बारावा पीळ (प्रथिनाच्या साखळीची गुंडाळी, हेलिक्स) झाकणासारखा त्यावर बसतो, दोन ग्राही जोडीने डीएनएवर जाऊन बसतात आणि त्या झाकणाने तयार झालेल्या जागेवर मदतनीस प्रथिनं येऊन जनुक चालू होतं. कुलूप-किल्लीची उपमा सगळेच देतात पण इथे किल्ली लागल्यावर कुलूपच उठून कपाटापाशी जातं, तेव्हा ती उपमा मला तोकडी वाटते.

मग आक्षेप येईल की 'ग्राही' शब्दात नुसतं घेणं आलं, जनुक चालू करायचं काम कुठे आलं? मलाही आधी तसंच वाटायचं. पण टॅमॉक्सिफेन हे स्तनाच्या कॅन्सरवरचं औषध बघा, ते इस्ट्रोजेनग्राहीच्या त्याच खिशात बसतं, ग्राही ते घेतोसुद्धा, फक्त त्याची एक लांब शेपटी मध्ये येते आणि झाकण जागेवर बसत नाही, म्हणून स्तनाच्या पेशीत पुढचं काम अडतं. म्हणजे घेणं वेगळं आणि करणं वेगळं, आणि घेऊनही काम न करणाऱ्यालाही 'ग्राही' शब्द लागू पडतो, 'कार्यकारी' वगैरे काही केलं असतं तर इथे फसलो असतो.

समासाला एक अपवाद मात्र सांगायला हवा. 'अल्डोस्टेरॉनग्राही' म्हणू नका, कारण अल्डोस्टेरॉन घेणारा तो ग्राही कॉर्टिसॉलही तितक्याच आनंदाने घेतो. मूत्रपिंडात एक विकर (एन्झाइम) कॉर्टिसॉलचं कॉर्टिसोन करून टाकतं म्हणून तिथे अल्डोस्टेरॉनची वर्णी लागते, एरवी रक्तात कॉर्टिसॉल कितीतरी जास्त असतं. ज्येष्ठमध फार खाल्लं तर हेच विकर अडतं, कॉर्टिसॉल त्या ग्राहीत जाऊन बसतं आणि रक्तदाब चढतो, पोटॅशियम घटतं (घसा बसला म्हणून महिनोनमहिने चघळणाऱ्यांनी ऐकावं). तिथे मिनरलोकॉर्टिकॉइड रिसेप्टर हेच नाव राहू द्या.

विभक्तीचं म्हणाल तर पक्षी-पक्ष्याला या चालीने 'ग्राह्याला' व्हायला हवं, पण 'ग्राह्य' म्हणजे घेण्याजोगं, तो उलट संप्रेरकाला शोभेल! हत्तीला तसं 'ग्राहीला' म्हणा सरळ.

राहिलं 'पॉझिटिव्ह'. रिपोर्टात त्याचा अर्थ इतकाच की तपासलेल्या गाठीतल्या पेशींची केंद्रकं ग्राही दाखवणाऱ्या रंगाने रंगली, १ टक्का रंगली तरी पॉझिटिव्ह धरतात. त्याला सकारात्मक म्हणायचं काही कारण नाही. पत्रकात 'गाठीच्या पेशींत इस्ट्रोजेनग्राही आढळले' असं लिहावं आणि कंसात ईआर (इस्ट्रोजेन रिसेप्टर) पॉझिटिव्ह, कारण डॉक्टर तोंडाने तेच म्हणणार आहेत आणि पेशंटला दोन्ही जुळवता यायला हवं.