एअर रायफलला पहिला स्कोप (नेम धरायची दुर्बीण) घेतोय? थांब जरा भाऊ

भाऊ, आधी एक सांग, टार्गेटसाठीच ना? १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं शिकार बंद आहे, यावलच्या जंगलाकडं बघायचं पण नाही. आता तुझी स्प्रिंगवाली एअर रायफल, लोकांना वाटतं हिला काय धक्का, पण पिस्टन पुढं जाऊन आपटतो आणि मागच्या धक्क्यानंतर लगेच उलटा पुढचा धक्का बसतो, तो बऱ्याच स्वस्त स्कोपना सोसत नाही. माझा पहिला ३-९x४० (३ ते ९ पट झूम, पुढची काच ४० मिमी) असाच गेला, दोन डबे छर्रे पण संपले नव्हते, झिरो (नेम तिथंच छर्रा बसेल अशी जुळणी) रोज वेगळा, आणि मी महिनाभर स्वतःच्याच हाताला शिव्या देत बसलो. म्हणून दुकानात पहिला प्रश्न, स्प्रिंगरला, म्हणजे स्प्रिंगवाल्या रायफलला, चालतो का. झूमच्या नादी लागू नको, मळ्यात बांधाला डबा ठेवून २० मीटरवर मारायला ४x३२ बास. पॅरलॅक्स, म्हणजे स्कोप किती अंतराला जुळवलाय ते, मात्र बघ, बरेच स्कोप १०० यार्डाला सेट असतात, जवळचं धूसर दिसतं आणि डोळा हलला की आतली नेमाची क्रॉस खूण पण हलते. १० यार्डापर्यंत येणारा एओवाला (रिंग फिरवून हे अंतर जुळवता येणारा) मिळाला तर थोडे जास्त पैसे दे. माउंटला (स्कोप रायफलवर बसवायच्या पकडीला) सरकणं अडवणारी स्टॉप पिन पाहिजेच, नाहीतर स्कोप हळूहळू मागे सरकतो. आणि स्कोप पाव एमओएचा (एका क्लिकला १०० यार्डावर साधारण पाव इंच सरकणारा) असला तर २५ यार्डावर नेम इंचभर हलवायला १६ क्लिक लागतात, चारच फिरवून खराब निघाला म्हणू नको. हां, १० मीटरच्या स्पर्धेत उतरायचं असेल तर पैसे वाचव, तिथं स्कोप चालतच नाही.