टर्बो बाहेरून दिसावा म्हणून बोनेटला पारदर्शक खिडकी करावी का?

तुमच्याकडे २०१४ सालची फियाट लिनिया टी-जेट आहे. बोनेट कापून त्यात पारदर्शक खिडकी बसवायची आहे, म्हणजे आतला टर्बो (इंजिनाच्या धुरावर फिरून इंजिनाला दाबलेली हवा देणारं यंत्र) येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल. हे कसं करायचं, खर्च किती आणि त्रास काय होईल, असं तुम्ही विचारलंय. कोल्हापुरात उद्यमनगरात माझं छोटं गॅरेज आहे आणि टर्बोच्या गाड्यांचं काम मी मनापासून करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

बोनेट कापू नका. टर्बो मात्र जरूर दाखवा. तुमच्या गाडीचा टर्बो दाखवण्यासारखाच आहे, पण त्यासाठी पत्र्याला कटर लावायची गरज नाही.

हे मी अनुभवावरून सांगतोय. काही वर्षांपूर्वी इचलकरंजीचा एक मुलगा पेट्रोल टर्बो हॅचबॅक घेऊन आला होता. त्याला अगदी हेच हवं होतं. मी होकार दिला, आणि ती चूक माझी. टर्बोच्या बरोबर वर हातभर लांब, वीतभर रुंद तुकडा कापला, कडेला रबरी बीडिंग लावलं आणि ४ मिलिमीटर जाडीची अ‍ॅक्रिलिकची शीट बसवली. गॅरेजच्या दारात उभी होती तेव्हा गाडी इतकी सुंदर दिसली की शेजारच्या लेथवाल्यांनी काम थांबवून फोटो काढले. तो मुलगा तिथूनच मित्रांना घेऊन पन्हाळ्यावर गेला. दुसऱ्या दिवशी परत आला तेव्हा शीट मधोमध फुगली होती, तळताना पापड फुगतो तशी, आणि एका कोपऱ्यातून बीडिंग सुटलं होतं. अ‍ॅक्रिलिक साधारण १०० अंशांच्या आसपास मऊ पडतं. घाट चढून आलेली गाडी उभी केली की रेडिएटरमधून येणारी हवा थांबते आणि सगळी उष्णता सरळ वर बोनेटला भिडते. चालत्या गाडीपेक्षा थांबलेल्या गाडीत बोनेटखाली जास्त तापतं, हे मला माहीत होतं, पण शीट निवडताना त्याचा विचार केला नाही.

मग पॉलिकार्बोनेट लावलं. ते जवळजवळ १४५ अंशांपर्यंत टिकतं, त्यामुळे फुगलं नाही. पण पावसाळा लागला आणि कडेनं पाणी झिरपायला लागलं. पुसून पुसून त्यावर बारीक ओरखडे पडले, उन्हानं पिवळसर झाक आली, आणि दिवाळीपर्यंत त्यातून टर्बो सोडाच, इंजिनाचं झाकणही नीट दिसेना. खरी भीती मात्र वेगळीच निघाली. एकदा मी स्वतः ती गाडी हायवेला चालवत होतो. किणी टोलनाक्याच्या पुढे नव्वदच्या वर गेलो तर डोळ्यांसमोर बोनेट थरथरायला लागलं. बोनेटच्या वरच्या पत्र्याखाली दुसरा पत्रा असतो, नक्षीसारख्या वळ्या असलेला. ती नक्षी दिसायला नसते. बोनेटचा ताठपणा तिच्यातून येतो, आणि धडक बसली तर बोनेट मध्येच घडी होऊन वर उचललं जावं, सरळ पात्यासारखं काचेतून आत घुसू नये, याची सोयही तिथंच असते. आम्ही खिडकीसाठी त्या वळ्याच कापल्या होत्या. त्याच आठवड्यात त्याला दुसरं बोनेट घालून दिलं, माझ्या खर्चानं. तुमच्या बाबतीत तर लिनिया २०२० च्या आधीच बंद झाली. धड असलेलं मूळ बोनेट कापलं तर दुसरं शोधत भंगार बाजार हिंडावे लागतील.

कायद्याचंही बघा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीत मूळ रचनेपेक्षा वेगळा बदल परस्पर करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर कलम १८२-अ खाली प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. विमा कंपनीचा सर्व्हेअर कापलेलं बोनेट बघून क्लेमवर काय शेरा मारेल, हे वेगळं सांगायला नको.

तुम्ही फेरारी एफ-४० चं नाव घेतलंय. १९८७ ची ती गाडी मलाही प्रिय आहे. तिच्या पाठीवर पारदर्शक झाकण आहे आणि खाली जुळ्या टर्बोचं २.९ लिटरचं व्ही-८ इंजिन. पण तिचा फोटो नीट बघा. त्या झाकणाला आडव्या फटी आहेत, एकाखाली एक. त्या उष्णता बाहेर काढायला आहेत. शिवाय तिथं इंजिन मागे आहे, झाकण मुळातच तसं डिझाइन केलंय आणि ड्रायव्हरच्या नजरेसमोर येत नाही. पुढच्या बोनेटला तशा फटी पाडल्या तर आपल्या जून-जुलैच्या पावसात काय होईल ते तुम्हीच सांगा.

स्कॉर्पिओ एमहॉक किंवा जुन्या फॉर्च्युनरच्या बोनेटवरचं नाकाड बघून अनेकांना वाटतं की खाली टर्बो आहे. तिथं खाली इंटरकूलर, म्हणजे टर्बोनं दाबलेली गरम हवा थंड करणारी जाळी, असतो आणि ते नाकाड त्याला वारा देतं. नुसतं दिसायला चिकटवलेलं नाकाड गाडीवर लावू नका, एवढी माझी विनंती.

आता टर्बो दाखवायचा कसा ते सांगतो.

टर्बोला दोन बाजू असतात, एक गरम आणि एक थंड. गरम बाजूनं इंजिनाचा धूर चाक फिरवतो. पेट्रोल गाडीत तो धूर ९०० अंशांच्या घरात असतो, दाबून चालवली तर बिडाचं घर अंधारात लाल दिसतं. थंड बाजूचं चाक त्याच दांड्यावर असतं, ते हवा दाबून इंजिनाला देतं. दांडा मिनिटाला दोन लाख फेऱ्यांपर्यंत जातो. तुमच्या टी-जेटमध्ये टर्बो इंजिनाच्या पुढच्या अंगाला, रेडिएटरच्या मागे आहे, त्यावर पत्र्याची हीट शील्ड, म्हणजे उष्णता अडवणारं झाकण, आहे. लोकांची पहिली हौस असते ती शील्ड काढून टाकायची, कारण तिच्यामुळे टर्बो झाकतो. ती काढू नका. ती नसेल तर शेजारच्या वायरी आणि रबरी पाइप भाजून निघतात. शील्डच चांगली दिसेल असं करा. काढून सँडब्लास्ट करून घ्या आणि उष्णता सोसणारं सिरॅमिक कोटिंग द्या. साधा स्प्रे पेंट मारला तर पहिल्याच दिवशी जळून वास मारेल.

सगळी शोभा थंड बाजूला करा. कॉम्प्रेसरचं, म्हणजे याच थंड बाजूचं, घर अ‍ॅल्युमिनियमचं ओतीव असतं, बफिंग केलं की भांड्यासारखं चमकतं. बफिंग टर्बो उतरवूनच करायचं आणि तोंडं बंद करून, कारण पॉलिशचा एक कण आत गेला तरी चाकाची वाट लागते. जुने काळे रबरी होज काढून सिलिकॉनचे लावा, एकाच रंगाचे. क्लिपा स्क्रूवाल्या स्वस्त लावू नका, रुंद पट्टीच्या टी-बोल्ट क्लॅम्प वापरा. त्या धरतातही चांगलं आणि दिसतातही नीट. टर्बो उतरवलाच आहे तर ऑइल लाइनच्या बेंजो बोल्टची (ज्यातून तेल जातं त्या पोकळ बोल्टची) तांब्याची वायसरं नवीन घाला. दहा-वीस रुपये वाचवायला जुनी वायसरं परत लावली आणि गरम घरावर तेलाचा थेंब पडून धूर निघाला, असं मी पाहिलंय. चमकवलेल्या इंजिनावर तेलाचा ओघळ दिसला तर सगळी मेहनत वाया.

मग बोनेटला गॅसचे दोन स्ट्रट लावा म्हणजे ते पूर्ण उंच उघडं राहील. खालच्या बाजूला पांढरी एलईडी पट्टी लावा, टर्बोपासून लांब, आणि तिला स्वतंत्र फ्यूज द्या. इंजिन बे, म्हणजे बोनेटखालची इंजिनाची जागा, धुताना प्रेशर वॉशरचा फवारा मारू नका. ओला कपडा, ब्रश आणि अर्धा दिवस सवड, एवढं पुरतं. गाडी दाखवायला उभी केली आणि बोनेट उघडलं की बघणारा आपणहून वाकतो. खिडकीतून बघताना कोणी तसं वाकत नाही.

अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावर दाबलेली हवा बाहेर सोडणाऱ्या व्हॉल्व्हच्या ‘फुस्स’ आवाजाचंही तुम्ही विचारलंय. गाडीतला मूळ व्हॉल्व्ह ती हवा परत आतच वळवतो. ज्या गाड्यांत हवा मोजणारा सेन्सर टर्बोच्या आधी असतो, त्यांत ती बाहेर सोडली तर मोजलेली हवा इंजिनापर्यंत पोचत नाही, पेट्रोल मात्र तेवढंच पडतं, आणि गिअर बदलताना गाडी झटका देते. मी बसवून देत नाही. डिझेल गाडीला तर तसल्या व्हॉल्व्हची गरजच नसते, तिथं बाजारात मिळतं ते निव्वळ शिट्टीचं यंत्र.

पण हे सगळं एकीकडे ठेवा आणि जे मी खरंच मनापासून सुचवतो ते करा. एक मेलेला टर्बो आणा. टर्बो रिपेअर करणाऱ्यांकडे डिझेल गाड्यांचे मोडीत काढलेले टर्बो पडलेले असतात, भंगाराच्या भावात देतात. त्याचा कट सेक्शन, म्हणजे आतलं दिसावं म्हणून कापलेला नमुना, करून घ्या, जसे आयटीआयमध्ये इंजिनाचे आणि गिअरबॉक्सचे असतात. टर्बो पूर्ण खोला. दोन्ही घरांचा पाव भाग कापून काढा, चाकं आणि दांडा अख्खे ठेवा. अ‍ॅल्युमिनियमचं घर हॅक्सॉनंही कापता येतं, बिडाच्या घराला कटर लागतो, आणि डोळ्यांना गॉगल घातल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही. मधल्या भागालाही एक काप द्या म्हणजे तेलाची वाट दिसेल. कापलेल्या कडा लाल रंगवा, हवेची वाट निळी, तेलाची पिवळी. परत जोडताना दांडा ज्यात फिरतो त्या बुशला तेलाचा हात द्या. एका सागवानी फळीवर बसवा आणि गाड्यांच्या शोमध्ये गाडीच्या पुढे ठेवा.

माझ्या गॅरेजच्या टेबलावर असा एक आहे. बोटानं हलकेच टोला दिला की चाक गरागरा फिरतं आणि कितीतरी वेळ थांबत नाही. थंड बाजूच्या पात्याची कड नखानं चाचपली तर कळतं की ती किती पातळ आहे. गरम बाजूचं चाक हातात घेतलं तर आकाराच्या मानानं जड लागतं. त्याला लोहचुंबक लावून दाखवा, चिकटत नाही. लोखंड नाही, निकेलचा मिश्रधातू आहे, कारण लोखंड त्या धुरात टिकलं नसतं. शाळेतली पोरं येतात, दोन्ही चाकं एकाच दांड्यावर आहेत हे बघतात आणि विचारतात, "म्हणजे काका, वाया जाणाऱ्या धुरावरच चालतंय व्हय हे?" स्विस इंजिनिअर आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ साली याच कल्पनेचं पेटंट घेतलं होतं. बोनेटच्या खिडकीतून कोणाला हे कळलं असतं? तिथून दिसते ती शील्ड आणि दोन पाइप.

खर्चाचं म्हणाल तर कट सेक्शन, कोटिंग, बफिंग, होज आणि स्ट्रट मिळून माझ्याकडे पंधरा ते वीस हजारांत बसतं, होजच्या लांबीवर थोडं कमी-जास्त. टर्बो उतरवण्यापूर्वी एक करा. गाडी रात्रभर थंड झाल्यावर कॉम्प्रेसरच्या तोंडाचा पाइप काढा आणि चाकाचं नाक दोन बोटांत धरून हलवून बघा. आडवं किंचित हलतं, ते चालतं. पुढे-मागे खेळ लागला किंवा पातं घराला घासल्याची खूण दिसली, तर बफिंगचे पैसे आधी टर्बोच्या दुरुस्तीत घाला. त्या जागेचा आणि इंजिन बेचा फोटो इथेच खाली टाका, कुठला होज कुठून वळवायचा ते मी त्यावर रेषा मारून देतो.