बॉयलर काढून अणुभट्टी बसवता येईल का?

प्रश्न : केंद्राच्या 2025च्या अर्थसंकल्पात छोट्या अणुभट्ट्यांसाठी 20 हजार कोटी रुपये ठेवले आहेत. आमच्या औष्णिक केंद्राचे जुने संच बंद झाले. तिथला बॉयलर काढून 220 मेगावॅटची अणुभट्टी बसवली, टर्बाइन तेच ठेवलं, तर खर्च वाचेल ना? – एक वाचक, परळी वैजनाथ

उत्तर : टर्बाइन कामाला येणार नाही. कोळशाच्या 210 मेगावॅटच्या संचात वाफ कोरडी असते, 535 अंशांच्या आसपास तापलेली आणि दाब चौरस सेंटिमीटरला 130 किलोच्या वर. आपल्याकडची 220 मेगावॅटची भट्टी जड पाण्याची (साध्या हायड्रोजनऐवजी जड हायड्रोजन असलेलं पाणी वापरणारी); तिची वाफ साधारण 250 अंशांची, 40 किलो दाबाची. ती टर्बाइनमध्ये पसरताना लगेच ओली होते आणि थेंबांच्या माऱ्याने शेवटच्या टप्प्यातली पाती झिजतात. शिवाय तेवढ्याच विजेसाठी वाफ कितीतरी जास्त लागते, ती जुन्या यंत्रात मावत नाही. म्हणून अणुकेंद्राच्या टर्बाइनला वाफेतलं पाणी मध्येच काढून ती पुन्हा तापवण्याची सोय असते.

वाचतं ते वेगळंच. स्विचयार्ड (तयार वीज वाहिन्यांत सोडण्याची जागा), पारेषण वाहिन्या, रेल्वे साइडिंग आणि वीजकेंद्र चालवायला सरावलेली माणसं. वाहिनीसाठी नव्याने जागा मिळवायला किती वर्षं जातात ते पाहिलं, तर हेही थोडं नाही.

पण आधी जागा मोजा. अणुऊर्जा नियामक मंडळाच्या निकषानुसार भट्टीभोवती किमान 1 किलोमीटर त्रिज्येत वस्ती चालत नाही. ते क्षेत्र भरतं 314 हेक्टर, म्हणजे सुमारे 775 एकर. नकाशावर वर्तुळ काढा आणि किती घरं आत येतात ते बघा.

प्रश्न : एवढं करून हवामानाला फायदा किती?

उत्तर : भरपूर. 220 मेगावॅटची भट्टी 80 टक्के क्षमतेने चालली, तर वर्षाला सुमारे 154 कोटी युनिट वीज देते. खाणीपासून सगळं धरून अणुविजेचं कार्बन उत्सर्जन युनिटमागे 12 ग्रॅमच्या आसपास, कोळशाचं 820. वर्षाला साडेबारा लाख टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड टळतो, आणि वीज रात्रीही मिळते.

प्रश्न : आमचं केंद्र 2013 आणि 2015 साली पाण्याअभावी बंद ठेवावं लागलं होतं. अणुभट्टीला पाणी कमी लागतं का?

उत्तर : उलट, जास्त. भट्टीतल्या उष्णतेपैकी जेमतेम 29 टक्क्यांची वीज होते, उरलेली टाकून द्यावी लागते. कूलिंग टॉवर असेल तर युनिटमागे अडीच ते तीन लिटर पाणी वाफ होऊन जातं. 220 मेगावॅटला दिवसाला दीड कोटी लिटर धरा.

खरा धोका पुढे आहे. कोळशाचा संच बंद केला की विषय संपतो. अणुभट्टी बंद केल्याक्षणी मूळ उष्णतेच्या 6-7 टक्के उष्णता निघतच राहते, तासाभराने दीड टक्का, दिवसाने अर्धा. 220 मेगावॅट विजेसाठी भट्टीत सुमारे 750 मेगावॅट उष्णता तयार होते; अशा भट्टीत हा अर्धा टक्काही पावणेचार मेगावॅट होतो. ती बाहेर काढायला वीजही हवी, पाणीही. फुकुशिमात 2011 साली भट्ट्या वेळेवर बंद झाल्या होत्या. त्सुनामीने पंपांची वीज गेली आणि इंधन वितळलं.

तेव्हा प्रस्ताव आलाच, तर जनसुनावणीत पहिल्यांदा केंद्राला पाणी देणाऱ्या धरणाच्या गेल्या 30 वर्षांतल्या जूनअखेरच्या साठ्याचे आकडे मागा. भट्टी बंद असतानाच्या पाण्याचा वेगळा, राखीव साठा कुठे आणि किती दिवसांचा, हे लेखी घ्या. अशी खात्री देता येत नसेल, तर समुद्रकाठची किंवा बारमाही पाण्याची जागाच निवडायला हवी.