हरिश्चंद्रगडावर तंबू न नेता रात्री मुक्काम करता येतो का?

येतो. हरिश्चंद्रेश्वर मंदिराजवळच्या कोरीव गुहांमध्ये पथारी टाकता येते, नाहीतर मंदिराच्या आसपास आणि कोकणकड्याकडे पायथ्याच्या पाचनई गावातल्या लोकांच्या झोपड्या आहेत, तिथे सोय होते. मी दोन्हीकडे झोपलोय आणि माझं मत झोपडीच्या बाजूने आहे. गुहेतली फरशी थंडगार असते, पावसाळ्यात ओल येते आणि शनिवारी रात्री पाय ठेवायला जागा नसते. झोपडी म्हणजे बांबू-ताडपत्रीचा आडोसा, खाली चटई. पण चुलीवरचं पिठलं-भाकरी आयतं मिळतं. पाचनईतूनच झोपडीवाल्याशी बोलून ठेवा, वर गेल्यावर घासाघीस नको. केदारेश्वराच्या गुहेचा विचार करू नका, तिथे पिंडीभोवती कमरेएवढं बर्फासारखं पाणी आहे.

सोबत एवढं हवंच:
- जाड कॅरीमॅट आणि स्लीपिंग बॅग (डिसेंबर-जानेवारीत नुसत्या चादरीने भागत नाही)
- हेडटॉर्च
- मार्चनंतर जात असाल तर जास्तीचं पाणी

फक्त एक, गड कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. मुक्कामाचे नियम वनखातं ठरवतं आणि ते बदलतात, त्यामुळे निघण्याआधी पाचनईत फोन करून विचारा.