माणसाचा बोकड की बोकडाचं रूप?

प्रश्न भंडारा जिल्ह्यातल्या लाखांदूरकडच्या एका गावातून आलाय. दिवाळीला घरी आलेली पाच पोरं रात्री ओसरीवर 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' खेळत होती. यात प्रत्येकानं एक पात्र घ्यायचं, एकानं गोष्ट चालवायची, आणि काय जमलं ते फासे ठरवतात. नियमांचं पुस्तक इंग्रजी, म्हणून लागतील तेवढ्या मंत्रांचं मराठी त्यांनी एका वहीत उतरवून ठेवलं होतं. खेळातल्या चेटकिणीनं चोरावर 'पॉलिमॉर्फ' टाकला आणि त्याचा बोकड केला. चोर खेळणारा म्हणाला, किल्ली मीच चुलीमागं लपवली होती, आता तोंडात धरून आणतो. खेळ चालवणारा म्हणाला, "तू बोकड हायेस बे, तुले किल्ली काय समजन?" चोरानं वही पुढं सरकवली. त्यात लिहिलेलं: 'लक्ष्य त्या पशूचे रूप धारण करते.' रूपच घेतलं ना, डोकं तर माझंच हाये! मंडईचा, म्हणजे आमच्याकडं दिवाळीनंतर गावात भरणाऱ्या जत्रेचा, दिवस आला तरी वाद मिटला नाही. आता ते विचारतात, 'रूप धारण करणे' यात मन बदलणं येतं का? आणि येत नसेल तर तिथं काय लिहावं?

चोराचं मराठी बरोबर आहे. चुकलंय ते वहीतलं वाक्य.

'रूप घेणे', 'रूप धरणे' म्हटलं की ते घेणारा कुणीतरी आत शाबूत असतो. मारीच सोन्याच्या हरणाचं रूप घेतो, पण रामाला कुठवर लांब न्यायचं हे त्या हरणाला पक्कं ठाऊक असतं. दमयंती तर आपल्या विदर्भाचीच. तिच्या स्वयंवरात इंद्र, अग्नी, वरुण आणि यम नळाचं रूप घेऊन बसले, तरी त्यांना घाम येईना, पापणी लवेना, गळ्यातली फुलं कोमेजेनात, पाय भुईला टेकेनात. आतला देव लपला नाही. पुढं कर्कोटक नागानं डसून खुद्द नळाचंच रूप पालटलं. तो बेढब बाहुक झाला, पण घोडे हाकणं आणि रांधणं त्याच्या हातातून गेलं नाही. दमयंतीला त्याची खूण पटली त्यात त्याच्या रांधण्याची चवही होती. 'रूप' या शब्दाला मराठी कानात हा एवढा इतिहास आहे. पोरानं त्यावर बोट ठेवून डोकं आपलंच असल्याचा दावा केला, तर त्याला दोष कसा द्यायचा?

आता दुसरी रचना बघा. अहल्येची शिळा झाली. (वाल्मीकींकडं ती शिळा होत नाही, अदृश्य राहून तप करते, पण आपल्या आजीच्या गोष्टीत शिळाच.) 'अहल्येनं शिळेचं रूप घेतलं' असं कुणी म्हणत नाही. दुधाचं दही होतं, राईचा पर्वत होतो. इथं 'चा' कुठं बसलाय ते पाहा. 'बोकडाचं रूप घेतलं' यात तो नव्या वस्तूला लागतो आणि जुना माणूस कर्ता म्हणून तसाच उभा राहतो. 'माणसाचा बोकड झाला' यात 'चा' जुन्याला लागतो, आणि वाक्याचा कर्ता होऊन बसतो तो बोकड! माणूस आता फक्त कच्चा माल. दही झाल्यावर दुधाचं मत कोण विचारतं?

नियम नेमका याच दुसऱ्या रचनेचा आहे. खेळाच्या २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत पॉलिमॉर्फ झालेल्या पात्राचे सगळे आकडे, बुद्धीचेसुद्धा, त्या पशूचे होतात. पुस्तकातल्या बोकडाची बुद्धी २. स्वतःचं राहतं ते नीतीचं वळण आणि स्वभाव. म्हणजे बुद्धी गेली, स्वभाव राहिला. स्वभावाला औषध नाही म्हणतात, तर जादू कुठून असणार! तेव्हा तो बोकड सोबत्यांना शिंगं मारणार नाही, चेटकीण दिसली की बिथरेल. पण किल्ली, कुलूप आणि सुटका यांची सांगड त्याला घालता येणार नाही, असं मी वाचतो.

स्मृतीबद्दल मात्र खेळ चालवणाऱ्यानं जपून बोलावं. पॉलिमॉर्फच्या नियमात स्मृती गेल्याचं कुठंच म्हटलेलं नाही. नवव्या पातळीवरच्या 'ट्रू पॉलिमॉर्फ' या मंत्रामध्ये प्राण्याची निर्जीव वस्तू केली तरच तेवढ्या काळाचं काही आठवत नाही, असं स्पष्ट लिहिलंय. तिथं लिहिलं आणि इथं नाही, यातच उत्तर आलं. म्हणून 'आठवणार नाही' असं न म्हणता 'उमगणार नाही' म्हणा.

'रूप घेणे' वाया जाऊ देऊ नका. ड्रुइड म्हणजे खेळातला रानातला मांत्रिक, त्याच्या पशू होण्याच्या 'वाइल्ड शेप' या शक्तीला ते तंतोतंत बसतं. तो आपल्या मर्जीनं वाघ होतो आणि बुद्धी, शहाणपण स्वतःचंच ठेवतो. रूपाचे हिट पॉइंट, म्हणजे किती मार सोसता येतो त्याचा आकडा, संपले की २०१४ च्या नियमानं उरलेला मार मूळ देहावर पडतो. मारीचाच हिशेब म्हणायचा: बाण हरणाला लागला, मेला राक्षस.

बाकीचे शब्द थोडक्यात. 'पाण्याचं वाफेत रूपांतर' यात 'चं' जुन्यालाच लागतो, त्यामुळं 'रूपांतर' चालेल. पण पुन्हा 'रूप' आलंच, आणि विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकाचा वास येतो तो वेगळा. 'कायापालट' आता पुढाऱ्यांच्या भाषणात गावांचा होतो, तिथंच राहू द्या. नुसता देखावा बदलणाऱ्या 'डिसगाइज सेल्फ' या मंत्राला दंडारीतलं, म्हणजे आमच्याकडच्या लोकनाट्यातलं, 'सोंग' घ्या, याहून नेमका शब्द नाही. आणि 'पशू'च्या जागी 'जनावर' लिहायचा मोह झाला तर आवरा. आपल्याकडं रात्री 'जनावर निघालं' म्हटलं की माणसं काठी शोधतात, तीही सापासाठी.

वहीत असं लिहा: 'या मंत्रानं लक्ष्याचा पशू होतो, बुद्धी पशूची, स्वभाव मूळचा, मुदत जास्तीत जास्त एक तास.' त्याच पुस्तकात बोकडाचे हिट पॉइंट ४. सोबत्यांपैकी कुणी एक सणसणीत काठी घातली असती, तर बोकडाचा पुन्हा चोर झाला असता आणि मंडईपर्यंत भांडावं लागलं नसतं. (इथंही 'चा' जुन्यालाच लागलाय, बघा.) काठी नको असेल तर बोकड चुलीमागं आपणहून जाईलही, भाकरीच्या वासानं. तिथं तो किल्ली उचलतो की शेजारची केरसुणी खात बसतो, ते फाशावर सोडा.