प्रोथोनोटरी वॉर्ब्लर या झाडाच्या पोकळीत घरटं करणाऱ्या छोट्या पिवळ्या अमेरिकन पक्ष्यासाठी घरट्याच्या पेटीला भोक केवढं ठेवावं आणि रंग कोणता द्यावा?

भोक सव्वा इंचाचं. रंग देऊच नका. पण पेटी "दलदलीतल्या झाडाला ठोकणार" असं लिहिलंय तुम्ही, आणि खरा घोळ तिथे आहे.

झाडावरची पेटी म्हणजे अंडी-पिल्लं खाणाऱ्या रॅकूनला (झाडावर चढणारा एक अमेरिकन प्राणी) वाढून ठेवलेलं ताट. रॅट स्नेक हा सापही खोडावरून सहज चढतो. "पण आमच्या झाडावर जोडी आली होती की!" हे आमच्या गटात दर हंगामात ऐकतो. जोडी येतेच हो, पोकळी दिसली की पुरे. पिल्लं उडाली का, ते विचारलं की सगळे गप्प.

तेव्हा खांबच. चिखलात खोलवर लोखंडी सळई ठोका आणि तिच्यावर पाऊण इंची कंड्युट पाइप (वायरिंगसाठी वापरतात तो धातूचा पाइप) बसवा. चढणाऱ्यांना अडवायला पेटीच्या लगेच खाली 8 इंच व्यासाचं, 2 फूट लांबीचं पत्र्याचं नळकांडं अडकवा. त्याचं वरचं तोंड जाळीने बंद हवं, नाहीतर साप आतूनच वर येतो. पाइपला ग्रीस फासून भागत नाही. खोडांवर पुराची खूण दिसते. नळकांड्याची खालची कड तिच्याही वर ठेवा. पाणी तिथवर चढलं तर नळकांडं असून नसल्यासारखं. जवळ फांदी नको.

पेटीला पाऊण इंच जाडीचं, रसायन न लावलेलं सीडरचं लाकूड घ्या. तळ आतून 4 बाय 4 इंच, कोपऱ्यांत निचऱ्याची भोकं, प्रवेशाच्या भोकाखाली आतल्या बाजूने करवतीच्या आडव्या खाचा. पिल्लं त्या धरून वर येतात. बाहेर बसायला दांडी लावू नका.

भोक दीड इंचाचं केलंत की काउबर्ड (दुसऱ्यांच्या घरट्यात अंडी घालणारा पक्षी) आत अंडं टाकून जाते. हाऊस रेन हा पोकळीसाठी भांडणारा छोटा पक्षी मात्र सव्वा इंचातूनही घुसतो. त्यामुळे पेटी झुडपी कडेपासून दूर, सावलीत, साचलेल्या पाण्यावर हवी. आत हिरवं शेवाळ दिसलं तर ते वॉर्ब्लरच्या नराने आणलेलं, कचरा समजून काढू नका. काड्यांचा ढीग रेनचा. पण अंडी कोणाचीही असोत, घरट्याला हात लावायचा नाही. 1918 च्या मायग्रेटरी बर्ड ट्रीटी अ‍ॅक्टमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या पक्षी-संरक्षण कायद्यात, दोघंही येतात.

आता झाडवाल्यांच्या बाजूने एवढंच, की खोल पाण्यात उभ्या असलेल्या सायप्रसच्या झाडापर्यंत रॅकून कमी पोचतो. तुमच्याकडे तेवढं पाणी जूनअखेर टिकतं का, ते आधी बघा.